क्वार्टर म्हणजे पाव लिटर नव्हे

आमच्याकडून काचेच्या बाटल्या आणि बुचे नेणाऱ्या ग्राहकांसाठी
गणपती पेठ, सांगली

"पाव लिटरच्या क्वार्टर दहा बॉक्स पाठवा." असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतो आणि आम्हाला उलट फोन करावा लागतो. पाव लिटर म्हणजे २५० मिली, क्वार्टर म्हणजे १८० मिली. मधले ७० मिली आम्ही खाल्लेले नाहीत.

क्वार्टर ही लिटरची पाव नाही, खंब्याची, म्हणजे दारूच्या पूर्ण बाटलीची, पाव आहे. इंग्रजी अमलातली दारूची बाटली म्हणजे त्यांच्या गॅलनचा सहावा हिस्सा, सुमारे ७५८ मिली. मेट्रिकमध्ये ती ७५० झाली. तिची निम्मी ३७५, ती हाफ. पाव काढली तर १८७.५ येते, पण साचा १८० चाच; त्यात ३० मिलीचे सहा पेग नेमके बसतात. पाइंटचे तर विचारूच नका. इंग्रजी पाइंट ५६८ मिलीचा, आणि आपल्याकडे पाइंट म्हणून मिळते ती बिअरची बाटली ३३० ची. त्यामुळे 'पाइंट बाटली' एवढीच ऑर्डर आली तर आम्ही ती लिहूनच घेत नाही.

खरा घोळ मधामुळे होतो. मध पाण्याच्या साधारण १.४ पट जड. १८० मिलीच्या बाटलीत तो अडीचशे ग्रॅम बसतो. काट्यावर पाव किलो दिसते आणि डोक्यात पक्के बसते की ही पावाची बाटली. शिराळा-वाळव्याकडच्या काकवीवाल्यांचेही तसेच होते. पुढे तोच माणूस लाकडी घाण्याचे शेंगतेल भरायला घेतो. तेल पाण्याहून हलके, त्याच बाटलीत जेमतेम १६५ ग्रॅम. तोवर 'पाव लिटर' छापलेली दोन हजार लेबले घरात येऊन पडलेली असतात! मागच्या दिवाळीआधी एक ग्राहक अशाच बाटल्या परत घेऊन आले, निम्म्या तेलाने भरून झालेल्या. त्या आम्ही घेतल्या नाहीत, ते रागावले. पण तेल लागलेली काच धुऊन दुसऱ्याला कोरी म्हणून विकणे आम्हाला जमत नाही. बाकीच्या न उघडलेल्या बॉक्सच्या बदल्यात २५० च्या गोल बाटल्या दिल्या.

काठोकाठ भरली तर जास्त बसते की, असेही म्हणतात. बसते. पण मान मोकळी ठेवावीच लागते. उन्हात तेल फुगते आणि बूच गळायला लागते.

नवटाक, पावशेर, अच्छेर या मापांत विचारणारी जुनी माणसे अजून येतात, आम्हाला ऐकायला आवडते. मात्र शेर गावागणिक वेगळा असे, त्याचे नेमके मिली सांगता येत नाहीत. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक आली. लेबलावर ग्रॅम, किलो, मिली, लिटर एवढेच चालते.

बॉक्सचा हिशेब: ७५० च्या १२, ३७५ च्या २४, १८० च्या ४८. पहिल्या दोन बॉक्सांत ९ लिटर माल जातो, तिसऱ्यात ८.६४. 'बॉक्सला नऊ लिटर' धरून तेल काढलेत तर शेवटी ३६० मिली पातेल्यात उरते.

फोनवर मिलीचा आकडा नसला तरी चालेल. आत काय भरणार आणि गिऱ्हाइकाला किती द्यायचे, एवढे सांगा. पाव किलो मधाला १८०, किलोला ७५०, पाव लिटर तेलाला २५०, हे आम्हीच सांगू. भंगारात दारूच्या जुन्या बाटल्या आमच्याहून स्वस्त मिळतात, ठाऊक आहे. आम्ही कोऱ्याच विकतो, आणि दुसऱ्याचा शिक्का उठलेली बाटली खाण्याच्या मालाला देत नाही.

लेबले छापायला टाकण्याआधी दुकानातून नमुन्याच्या दोन बाटल्या घेऊन जा, पैसे नाहीत. रिकामी बाटली काट्यावर ठेवा, मग मानेपर्यंत पाणी भरून पुन्हा ठेवा. जितके ग्रॅम वाढले तितके मिली.