बॉल नसलेलं बेअरिंग: जुन्या सरफेस ग्राइंडरच्या स्पिंडलची पार्श्वभूमी

साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात जुना सरफेस ग्राइंडर (धातूचा पृष्ठभाग चाकाने घासून सपाट करणारं यंत्र) उघडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : बेअरिंगचा नंबर काय? नंबर घ्यायचा, यंत्रांच्या सुट्या भागांची नागदेवी स्ट्रीट गाठायची, तसलंच आणून बसवायचं. पण काही यंत्रांत नंबर सापडतच नाही. स्पिंडलभोवती, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याभोवती, गनमेटलची (तांबं-कथलाच्या मिश्रधातूची) बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, बाहेरून निमुळती, लांबीभर एक चीर आणि दोन्ही टोकांना नट. मग 'कुणीतरी जुगाड केलाय' असं म्हणत बुश काढून बॉल बेअरिंग घालायचा घाट घातला जातो. खरा जुगाड तिथून सुरू होतो.

या बुशचं मूळ ग्राइंडरमध्ये नाही, रेल्वेच्या आसात आहे. १८८३ मध्ये बीचम टॉवर हा इंग्रज इंजिनिअर आसाचं घर्षण मोजत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेलासाठी भोक पाडलं, तर तेल आत जायचं सोडून वर उसळू लागलं. बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. दाब मोजायचा गेज लावला तेव्हा काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला; बेअरिंगवरचा सरासरी भार होता १०० पौंड. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. फिरता दांडा तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, तिथे दाब तयार होतो आणि दांडा तेलावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. म्हणजे खरं बेअरिंग तेलाचं. गनमेटल नुसतं त्याचं भांडं.

ग्राइंडिंगवाल्यांना हे सोयीचं होतं. त्या काळच्या बॉल बेअरिंगमध्ये गोळ्यांची बारीकशी असमानताही कामावर लाटा उठवायची. तेलाचा थर ती थरथर गिळतो. पण निमुळत्या फटीतल्या तेलाच्या एकाच पाचरीवर स्पिंडल हलकासा भटकतो, म्हणून पाचरी वाढवल्या. मॅकेन्सन पद्धतीत पातळ, लवचिक बुश घराला तीनच ठिकाणी टेकते. आवळली की किंचित तिकोनी होते आणि तीन पाचरी मिळतात. दुसरी वाट मिचेलची. १९०५ मध्ये त्याने आपसूक कलणाऱ्या सुट्या तुकड्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. सिनसिनाटी या अमेरिकन यंत्र-कंपनीच्या 'फिल्मॅटिक' स्पिंडलमध्ये असेच तुकडे असतात.

मुंबईत अशा यंत्रांना पोसणारे हात होतेच. परळच्या रेल्वे वर्कशॉपात व्हाइट मेटल (बेअरिंगच्या अस्तराचा मऊ मिश्रधातू) ओतणं आणि बेअरिंग घासून बसवणं हे रोजचं काम. गिरण्यांच्या मेकॅनिक खात्यातले फिटरही त्याच तालमीतले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, यंत्रं भंगारात निघाली आणि हे हातही पांगले.

म्हणून आज दुरुस्ती अडते ती सुट्या भागापायी नव्हे, सवयीपायी. स्पिंडलला आधी गोलाई आणि चकाकी हवी. तो चरे पडलेला असेल तर बुशवर कितीही मेहनत करा, फुकट. मग स्पिंडलला खुणेचा निळा रंग लावून तो बुशमध्ये फिरवायचा, बुशवर जिथे निळं उमटेल तेवढंच स्क्रेपरने उतरवायचं, पुन्हा लावायचं. पॉलिश पेपर आत घालायचा नाही. त्याचे कण मऊ गनमेटलमध्ये रुततात आणि पुढे स्पिंडललाच खातात. नट आवळताना डायल गेज लावून बसायचं, कारण इथे एक थाऊही (इंचाचा हजारावा भाग, सुमारे पंचवीस मायक्रॉन) फार. 'पंचवीस मायक्रॉनने काय होतंय' म्हणणाऱ्याला हे काम देऊ नये.

तेल पातळ स्पिंडल ऑइलच. हायड्रॉलिकचं दाट ६८ नंबर ओतलं की अर्ध्या तासात स्पिंडलचं डोकं तापतं. पावसाळ्यात टाकीत दमट हवेचं पाणी उतरतं, तेल ताकासारखं पांढरं होतं. ते काढून टाकायचं.

आणि एक वायरिंगचं. गाळा बदलताना आमच्या ओळखीतल्या एकाच्या ग्राइंडरचे दोन फेज उलटे जोडले गेले. त्यातल्या बेअरिंगचे तुकडे एकाच दिशेला कलण्यासाठी बनवलेले. उलट फिरताना पाचर झालीच नाही. मोटर नवी, तेल नवं, स्पिंडल दहा मिनिटांत जाम. उघडला तेव्हा तुकड्यांचं गनमेटल स्पिंडलला पिवळ्या पट्ट्यांसारखं चिकटलेलं होतं.