पुण्यातील हौशी निसर्गचित्रण

चित्रकलेवर पोट नसलेल्या मंडळींनी पुण्यातले देखावे जागेवर बसून, बहुधा जलरंगांत, रंगवण्याची प्रथा. नोकरदार, निवृत्त, मुले मोठी झाल्यावर पुन्हा ब्रश हाती घेतलेल्या गृहिणी असे सगळेच तिच्यात दिसतात. ओंकारेश्वर, पाताळेश्वर, पर्वती आणि कसब्यातल्या गल्ल्या ही नेहमीची ठिकाणे.

कसब्यातल्या तांबट आळीचा या कलेशी संबंध जुना आहे. पुण्यातला नावानिशी माहीत असलेला पहिला महत्त्वाचा रेखाटनकार गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट समाजातला होता. १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला, म्हणजे प्राणिसंग्रहातला, गेंडा कागदावर उतरवला. पुढे पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे राजप्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथे तो स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सच्या हाताखाली शिकला आणि वेरूळच्या लेण्यांची रेखाटनेही केली. १७९५ मध्ये सवाई माधवराव आणि वेल्स दोघेही वारले, तशी शाळा विस्कटली. गंगारामची बरीच चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ती पुण्याबाहेर गेली, हे दुर्दैवच.

तांबटांनी पेशवाईत कोकणातून येऊन इथे बस्तान बसवले, असे सांगितले जाते. बंब, घागरी, तपेली घडवताना पत्र्यावर हातोडीने ओळीने ठोके देतात, ते मठारकाम. त्याने धातू कडक होतो आणि चकाकतो. स्टीलची भांडी आणि गिझर आल्यावर हा धंदा आकसला. हौशी चित्रकारांना मात्र आळी आवडते ती मुख्यतः उन्हामुळे. अरुंद बोळात सकाळी एक बाजू उजळते, दुसरी सावलीत बुडते. जलरंगात उजेडासाठी कागद कोराच सोडावा लागतो, त्यामुळे ही विभागणी आधीच ठरवून बसावे लागते. उशीर झाला की सावली सरकलेली असते.

या चित्रांतून विजेच्या तारा, पाट्या आणि दुचाक्या सर्रास वगळल्या जातात. चित्र त्याने सोज्वळ होते, पण खोटेही होते. तरीही नोंद म्हणून त्यांना किंमत आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठची घरे गेली, उरलेल्यांतले अनेक वाडे नंतर इमारतींसाठी पाडले गेले. कुणाच्या माळ्यावरच्या फाइलीत असा एखादा दिंडीदरवाजा अजून सापडू शकतो, फक्त मागे ठिकाण आणि तारीख लिहिलेली हवी.