जेसीबी यायच्या आधी पांढर बघा

कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे. हा ग्रीकांचा समुद्रदेव, आणि सापडला कुठं तर आपल्या पंचगंगेच्या काठावर, ब्रह्मपुरीत. 1944 ते 1946 च्या दरम्यान तिथं खोदकाम झालं, डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित त्यात होते, आणि टेकडीच्या पोटातून सातवाहन काळातली वस्ती वर आली. हीच मूर्ती कुणाला जेसीबीच्या बकेटमधल्या मातीत मिळाली असती तर नुसती एक जुनी मूर्ती, एवढंच कळलं असतं. आसपासच्या मातीच्या थरांमुळं कळतं की दोन हजार वर्षांपूर्वी रोमकडचा माल इथपर्यंत येत होता. थर एकदा विस्कटला की परत लावता येत नाही, म्हणून रस्ता बांधायच्या आधी खाली जुनी वस्ती आहे का ते बघणारा सर्व्हे मला इतका महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात जुने नकाशे, सॅटेलाइट फोटो आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांपासून होते, मग सरळ चालायचं. नांगरट झालेल्या रानातून चार-पाच जण ठराविक अंतर ठेवून ओळीनं जातात, मान खाली, आणि खापर दिसलं की जीपीएसवर नोंद. काळं-तांबडं खापर, आत काळं बाहेर लाल, हातात घेतलं की गुळगुळीत लागतं. एखादं दुसरं खापर शेणखताबरोबर पण रानात येतं, पण एकाच जागी पन्नास-साठ मिळाली तर खाली वस्ती असायची शक्यता खूप.

आणि मातीचा रंग बघायचा. आपल्याकडं गावठाणाला पांढरी आणि शेतीला काळी म्हणतात ते उगीच नाही. शेकडो वर्षं चुलीची राख, शेण, हाडं, पडक्या मातीच्या भिंती साचून जमीन करडी होते, त्यात फॉस्फरस मुरतो, लॅबमध्ये तो मोजला की वस्ती कुठपर्यंत होती याचा अंदाज येतो. हीच पांढरीची माती लोकं खत म्हणून रानात टाकायची.

यंत्रं पण आहेत. भट्टी किंवा चूल तापून थंड झाली की मातीतले लोहाचे कण चुंबकाची दिशा धरून ठेवतात, ते मॅग्नेटोमीटरला जाणवतं. पण आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय, त्यामुळं इथं रीडिंगचा गोंधळ होतो, आणि काळ्या चिकणमातीत जमिनीत सोडलेले रडारचे सिग्नल लवकर विरतात. म्हणून आपल्या भागात चालणं आणि शेवटी एक मीटर बाय एक मीटरचा खड्डा घेऊन थर बघणं, यालाच पर्याय नाही.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळचा ए14 रस्ता 34 किमी नवा करताना जवळपास 250 पुरातत्त्ववाले आधी कामाला लागले होते. आपल्याकडं संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरवर परवानगी लागते, पण ज्या टेकाडाला अजून कुणी संरक्षित केलेलंच नाही त्याचं काय? आणि फक्त रस्त्याची रेघ बघून भागत नाही. पुराच्या पट्ट्यात रस्ता उंच करायला भराव लागतो, मुरूम-माती लांबून कुठून तरी येते, आणि गावाबाहेरचं पांढरीचं टेकाड उपसायला सगळ्यात सोपं, माती आधीच भुसभुशीत. एका डंपरमध्ये दोन-तीन शतकं निघून जातात. त्या खाणीच्या जागा पण सर्व्हेत हव्यातच, आणि चालायची वेळ उन्हाळी नांगरटीनंतरची, पहिला पाऊस पडून गेला की खापरं धुऊन वर येतात तेव्हाची.