पैसे किती, त्यापेक्षा किती वर्षं?

गरीब, श्रीमंत, कामाचा, बिनकामाचा असं काहीच न पाहता प्रत्येकाला दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, ही विनाअट मूलभूत उत्पन्नाची कल्पना. वाद लगेच पेटतो: फुकट मिळालं तर लोक काम कशाला करतील? पण केनियात यापेक्षा जास्त उपयोगाचा प्रश्न तपासला गेला. तीच रक्कम वेगवेगळ्या रीतीने दिली, तर माणसं वेगळी वागतात का?

'गिव्हडायरेक्टली' ही संस्था आणि अभिजित बॅनर्जी, तवनीत सुरी वगैरे अर्थतज्ज्ञांचा हा प्रयोग. गावांच्या चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. ४४ गावांतल्या प्रौढांना महिना सुमारे साडेबावीस डॉलर, तेही बारा वर्षांच्या हमीने. ८० गावांना तेवढेच, पण दोनच वर्षं. ७१ गावांना दोन वर्षांचे पैसे एकरकमी. आणखी १०० गावांना काहीच नाही, ती तुलनेसाठी. पैसे थेट मोबाइलवर. माणसांऐवजी अख्खी गावं निवडली, कारण शेजाऱ्याच्या हातात पैसा आला की माझ्या दुकानाचा गल्लाही बदलतो.

दोन वर्षांनंतरच्या पाहणीत कामाचे एकूण तास घटलेले दिसले नाहीत. लोक दुसऱ्याकडची मजुरी कमी करून स्वतःच्या धंद्याकडे वळले होते. आळशीपणाचा मुद्दा माझ्या मते इथे बराचसा निकालात निघतो, निदान एवढ्या छोट्या रकमेपुरता तरी.

खरी गंमत पुढे आहे. पाहणीच्या वेळेपर्यंत पहिल्या दोन्ही गटांना महिन्याला सारखेच पैसे मिळाले होते. तरीही बारा वर्षांची हमी असलेल्यांनी नवे धंदे जास्त काढले. एकरकमी पैसेवालेही पुढेच होते. मागे पडले ते दोन वर्षांचे हप्ते घेणारे. महिन्याच्या साडेबावीस डॉलरमध्ये दुकानाचा माल भरता येत नाही, आणि लवकरच बंद होणारा हप्ता घरखर्चात जिरतो. बारा वर्षांवाल्यांनी यावर शोधलेला उपाय आपल्याला नवा नाही. त्यांनी भिशी लावली! सगळ्यांनी दरमहा वर्गणी काढायची आणि पाळीपाळीने एकाने सगळी उचलायची. पुढची पाच-सात वर्षं हप्ता येणारच, ही खात्री असल्यावर भिशीत शिरायला भीती कसली?

या प्रयोगातून एक गोष्ट मात्र कळत नाही. पैसा बाहेरच्या देणगीदारांचा होता, त्या गावांवर त्यासाठी कर बसला नाही. देशभर योजना राबवायची तर हाच प्रश्न आधी येतो. आपल्या २०१६-१७च्या आर्थिक पाहणी अहवालात केंद्र सरकारचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी हिशेब मांडला होता: माणशी वर्षाला ७,६२० रुपये, लाभार्थी ७५ टक्के लोक, खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.९ टक्के. म्हणजे 'सर्वांना' हा शब्द तिथेच पातळ झाला, आणि त्यासाठीसुद्धा चालू अनुदानांना कात्री लावण्याचा विचार होता.

आपल्याकडची 'लाडकी बहीण' ही काही मूलभूत उत्पन्न नव्हे. तिला वय, लिंग आणि अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा अशा अटी आहेत. पण महिना दीड हजार घेणाऱ्या बाईपुढे केनियातला तोच प्रश्न आहे: हे किती दिवस चालणार? २०२४ची निवडणूक झाली, पडताळणी सुरू झाली आणि यादीतून नावं गळू लागली. अशा हप्त्याच्या भरवशावर शिलाई मशीनचं कर्ज काढायला कोण धजेल?