आझाद हिंद टपाल तिकिटे

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, सुभाषचंद्र बोस यांच्या स्वातंत्र्य चळवळीसाठी बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापलेली तिकिटांची मालिका. ही तिकिटे टपालासाठी कधीच वितरित झाली नाहीत. तरीही युद्धकालीन प्रचार-तिकिटांत त्यांना वेगळे स्थान आहे, कारण ज्या राज्याच्या नावाने ती निघाली त्याच्या हाती अजून टपालव्यवस्थाच नव्हती. टपाल तिकीट काढणे हा सार्वभौम सत्तेचा अधिकार, आणि नेमका तोच अधिकार ही तिकिटे सांगत होती.

बोस एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथे स्वतंत्र भारत केंद्र सुरू झाले आणि पुढे युद्धकैद्यांमधून भारतीय सैन्यदल उभे राहिले. फेब्रुवारी १९४३ मध्ये बोस पाणबुडीने आशियाकडे निघाले.

तिकिटांची चित्रे वेर्नर आणि मारिया फॉन आक्स्टर-हॉइटलास या चित्रकार दांपत्याची. दोघे जोडनावानेच काम करीत. भित्तिपत्रके (पोस्टर) हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. नाझी राजवटीच्या प्रचाराची भित्तिपत्रके त्यांनी केली आणि जर्मन टपाल खात्यासाठी तिकिटेही काढली. भित्तिपत्रककाराचा हात या मालिकेत लगेच ओळखू येतो: एका चौकटीत एकच आकृती, ठळक बाह्यरेषा, फापटपसारा नाही. तिकिटाच्या इवल्याशा जागेत हे कौशल्य फार मोलाचे. त्याची दाद देताना हेच हात कोणासाठी राबत होते, तेही या नोंदीत राहिलेच पाहिजे.

बैलजोडीने नांगरणारा शेतकरी, चरख्यावर सूत कातणारी स्त्री, जखमी सैनिकाची शुश्रूषा करणारी परिचारिका, तुटलेल्या साखळ्यांसह भारताचा नकाशा, जर्मन मशीनगन चालवणारा शीख सैनिक, आझाद हिंदचा झेंडा घेतलेले सैनिक, असे विषय आहेत. गांधीजींच्या चळवळीचा चरखा आणि मशीनगन एकाच मालिकेत शेजारी येतात. प्रचाराच्या दृष्टीने ही निवड अतिशय विचारपूर्वक केलेली दिसते: देशातल्या माणसाला ओळखीचे चिन्ह द्यायचे आणि त्याच्याच बाजूला सशस्त्र लढ्याला वैधता मिळवून द्यायची.

काही तिकिटांवर किमतीपुढे अधिकचे चिन्ह देऊन दुसरी रक्कम छापलेली आहे. पहिली टपालखर्चाची, दुसरी निधीसाठीची. जर्मन टपाल खाते त्या काळात अशी देणगी-तिकिटे सर्रास काढी; ती पद्धत येथे आणे-रुपयांत उतरली. सर्वांत मोठ्या किमतीचे तिकीट १ रुपया अधिक २ रुपये असे आहे.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरला आझाद हिंदचे हंगामी सरकार स्थापन झाले आणि डिसेंबरअखेर बोसांनी पोर्ट ब्लेअरला झेंडा फडकवला. अंदमान-निकोबारचा ताबा मात्र प्रत्यक्षात जपानी सैन्याकडेच राहिला, त्यामुळे ही तिकिटे तेथेही वापरात आली नाहीत.

त्या वर्षांत शत्रूच्या तिकिटांची विडंबनेही निघत होती. ब्रिटनच्या १९३७ च्या राज्याभिषेक तिकिटावर जर्मनांनी राणीच्या जागी स्टालिनचा चेहरा बसवला. अमेरिकी हेरखात्याने हिटलरच्या मुद्रेची कवटी करून टाकली. जर्मन विडंबने झाक्सनहाउझेन छळछावणीतल्या ज्यू कैद्यांकडून करवून घेतलेली. त्या कारागिरांनी हे काम स्वेच्छेने पत्करलेले नव्हते, म्हणून आक्स्टर-हॉइटलास यांच्या पंक्तीत त्यांना बसवणे अन्यायाचे ठरेल.

भारतात टपालावर तेव्हा सहाव्या जॉर्जची तिकिटे चालत. ती नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात आणि जानेवारी १९४६ ची ‘विजय’ मालिकाही तिथलीच. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने १९६४ मध्ये बोसांवर आणि १९६८ मध्ये हंगामी सरकारच्या २५ व्या वर्धापनदिनी तिकिटे काढली.

आझाद हिंद तिकिटे आज संग्राहकांच्या बाजारात मिळतात. ती टपालात कधी चाललीच नसल्याने, टपालाचा शिक्का मारलेला नमुना कोणी दाखवला तर तो शिक्का अस्सल टपालवापराचा असू शकत नाही.