सोमवारचा धडा मंगळवारी कुठे जातो?

सोमवारी गणिताच्या तासाला बाई कागदाची लांब पट्टी दुमडतात. एकदा दुमडली की दोन समान भाग, आणखी एकदा की चार, तिसऱ्यांदा आठ. एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? पट्टी हातात असल्याने मुलं बिनचूक सांगतात. मंगळवारी तोच प्रश्न फळ्यावर अंकांत येतो आणि बरीच मुलं १/८ मोठं म्हणतात. का? तर आठ चारापेक्षा मोठे!

हा निष्काळजीपणा नसतो. मोजायला शिकल्यापासून मुलाने संख्या वाढली की वस्तू वाढते एवढंच पाहिलेलं असतं. छेद वाढला की भाग लहान होतो, हे त्या साऱ्या अनुभवाच्या उलट आहे. एका तासात समजलेली नवी गोष्ट वर्षानुवर्षांच्या सवयीपुढे सहज मागे पडते.

त्यात विस्मरणाची भर पडते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी ते स्वतःवरच मोजलं आणि १८८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते पाठ करत, काही काळ जाऊ देत, मग त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते पाहत. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के वेळ वाचला, एका दिवसाने ३४ टक्के, ३१ दिवसांनी २१ टक्के. पहिल्या दिवसातली घसरण पालकांना घाबरवते. मला त्यातला शेवटचा आकडा जास्त मोलाचा वाटतो. महिनाभरानंतरही पाचव्या हिश्श्याची मेहनत वाचत होती, म्हणजे पुसलं गेलंय असं वाटलेलं पूर्ण पुसलं गेलेलं नव्हतं. मुलांचा धडा निरर्थक अक्षरांचा नसतो, त्यामुळे त्यांचे आकडे वेगळे असतील, पण सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर हळूहळू विसरणं इथेही दिसतं.

रात्रीच्या झोपेत मेंदू दिवसभरातल्या आठवणींवर काम करत असतो. हिप्पोकॅम्पस या भागात टिपलेले ताजे अनुभव तेव्हा पुन्हा जागवले जातात आणि हळूहळू मेंदूच्या बाह्यभागातल्या जाळ्यात पक्के होतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. उशिरापर्यंत जागवून करून घेतलेला गृहपाठ ही झोपच खातो.

मग बुधवारी काय करावं? पट्टी पुन्हा दाखवण्याचा मोह होतो. त्याऐवजी पट्टी न काढता, वह्या मिटवून मुलांनाच विचारावं: सोमवारी आपण काय केलं होतं? रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. काहींनी एक उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र पालटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आठवण्याची खटपट ही स्वतःच एक उजळणी असते. मात्र मूल अडलं तर लगेच बरोबर उत्तर कळायला हवं, नाहीतर चुकीचंच घट्ट होऊन बसेल. आणि या प्रश्नांना गुण देऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. भीतीने गप्प बसलेलं मूल आठवण्याचा प्रयत्नच सोडून देतं.

गुरुवारी एकाच प्रकारची दहा उदाहरणं देण्याऐवजी बेरीज, अपूर्णांक, लांबीचं मापन अशी सरमिसळ करावी. त्या दिवशी चुका वाढतात आणि वर्ग मागे पडल्यासारखा दिसतो. पण एका साच्याची उदाहरणं सोडवताना मूल रीत आपोआप वापरतं. सरमिसळीत कोणती रीत कुठे लागते हे त्याला प्रत्येक वेळी ओळखावं लागतं, आणि परीक्षेत नेमकं हेच हवं असतं.

शुक्रवारी बहुतेकांना उत्तर येतं, तेव्हा तो विषय बंद करावासा वाटतो. पण एखादी गोष्ट जितका जास्त काळ लक्षात राहायला हवी, तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर वाढवावं लागतं. म्हणून पट्टीचा प्रश्न तीन आठवड्यांनी, भूमितीचा धडा सुरू असताना, अचानक यावा. वर्ग क्षणभर शांत होतो. मग कुणीतरी हातात काहीच नसताना बोटं हलवतं: एकदा दुमडते, दोनदा दुमडते, तिसऱ्यांदा.