शिखरावरची वनस्पती घळीच्या तळाशी : क्लब मॉसच्या वस्तीची पार्श्वभूमी

जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर एल्बे नदीने आणि तिच्या ओढ्यांनी वालुकाश्म कापून जो कड्याकपारींचा मुलूख घडवला आहे, त्याच्या जर्मन बाजूला सॅक्सन स्वित्झर्लंड म्हणतात. नावात स्वित्झर्लंड असले तरी येथे आल्प्सची उंची नाही. नदीचे पात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरवर, तर येथील ग्रोसर विंटरबर्ग या डोंगराचा माथा ५५६ मीटरवर आहे. तरीही येथील अरुंद घळींत, एरवी उंच पर्वतांवर किंवा थेट उत्तर युरोपात आढळणारे क्लब मॉस वाढतात.

नाव काहीही सांगो, क्लब मॉस हे शेवाळ नव्हे. डिलेनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७४१ साली शेवाळांवरील आपल्या ग्रंथात त्यांचा समावेश केला, १७५३ मध्ये वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या लिनीअसनेही त्यांना शेवाळांतच ठेवले आणि तो शिक्का लोकभाषेत आजही टिकून आहे. प्रत्यक्षात यांच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या असतात आणि यांचा वंश चाळीस कोटी वर्षांपूर्वीच इतर वाहिनीवंत वनस्पतींपासून वेगळा झाला. युरोपातील दगडी कोळशाचा मोठा भाग याच वंशातील तीस मीटरांहून उंच वाढणाऱ्या वृक्षांपासून बनला. आज उरली आहेत ती जमिनीलगतची रोपटी. लायकोपोडियम या त्यांच्या शास्त्रीय, ग्रीक नावाचा अर्थ ‘लांडग्याचा पंजा’, तर जर्मन भाषेत त्यांचे नाव ‘अस्वलाचा पंजा’ असे आहे. आपल्याकडे लायकोपोडियम हे नाव होमिओपॅथीच्या गोळ्यांमुळे घरोघरी पोचले आहे. ते औषध लायकोपोडियम क्लॅवेटम या जातीच्या बीजुकांपासून, म्हणजे बियांचे काम करणाऱ्या सूक्ष्म कणांपासून, करतात आणि ही जाती हिमालयातही आढळते.

घळीतील वस्तीचे कारण हवेत आहे. थंड हवा जड असल्याने खाली उतरते आणि उभ्या कड्यांमध्ये कोंडून राहते; ऊन तळापर्यंत क्वचितच पोचते; वालुकाश्मातून पाझरणारे पाणी हवा दमट ठेवते. जर्मन अभ्यासकांनी याला ‘तळघराचे हवामान’ असे नेमके नाव दिले आहे. परिणामी झाडोऱ्याचा नेहमीचा क्रम उलटा होतो : कोरड्या माथ्यावर पाइन, तर खाली गारव्यात स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष आणि त्याच्या सावलीत क्लब मॉस. या वनस्पतींना हवा असतो तो उन्हाळ्यातही न मोडणारा गारवा, ओल आणि आम्लधर्मी, निकस माती. या गोष्टी मिळाल्या की उंची गौण ठरते, असे मला वाटते.

येथील लायकोपोडियम ॲनोटिनम ही जाती जवळून पाहण्यासारखी आहे. तिचे खोड शेवाळाच्या गादीवरून सरपटते, त्यावरच्या उभ्या फांद्यांवर टोकदार पाने दाट बसतात आणि दर वर्षीची वाढ जेथे थांबते तेथे पाने आखूड होऊन फांदी किंचित आवळल्यासारखी दिसते. हे आवळलेले भाग मोजले की त्या फांदीने काढलेली वर्षे कळतात. ह्युपर्झिया सेलॅगो ही दुसरी जाती सरपटत नाही; ती लहान झुबक्याने उभी राहते आणि फांदीच्या टोकाजवळ आलेले कळीसारखे अंकुर पावसाच्या थेंबांनी उडून शेजारीच रुजतात.

क्लब मॉसची बीजुके इतकी हलकी असतात की वारा त्यांना दूरवर नेतो. मग त्यांची वस्ती इतकी तुटक का, हा प्रश्न दीर्घकाळ अडलेला होता, कारण बीजुकापासून रोप होईपर्यंतची मधली अवस्था युरोपात क्वचितच कुणाच्या हाती लागत असे. ब्रुखमान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ साली तिचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. ही गंतुकधारी, म्हणजे प्रजननपेशी तयार करणारी, अवस्था मातीखाली, अंधारात, कवकाच्या साह्याने जगते आणि तिला पक्व होण्यास दहा-पंधरा वर्षेही लागू शकतात. म्हणजे बीजुक पोचणे सोपे, पण एवढी वर्षे माती अबाधित राहणे दुर्मीळ. जेथे उंच डोंगराने किंवा खोल घळीने ती तशी राखली, तेथेच वस्ती दिसते.

या मुलुखाचा काही भाग १९९० पासून राष्ट्रीय उद्यान आहे, चेक बाजूचा भाग २००० पासून. मात्र २०१८ च्या अवर्षणानंतर खोडकिड्याने येथील स्प्रूस मोठ्या प्रमाणावर मेले आणि जुलै २०२२ मध्ये चेक बाजूला लागलेला वणवा सीमा ओलांडून आला. जेथे सावली झाडांचीच होती, तेथे आता ऊन जमिनीवर पडते. जेथे ती कड्यांची आहे, त्या अगदी अरुंद घळींचा तळ मात्र स्प्रूस गेल्यावरही सावलीतच राहतो.